कुर्माची ओळ

२४ मे २००४, चंद्रपूर

आज सरांना थाप मारली. गुणवंतराव सर म्हणजे आमच्या आरोग्य संस्थेचे इथले प्रमुख. त्यांनी विचारलं, "मुबीन, एक्सएसएलटी येते काय तुले?" मी म्हणालो, "येते ना सर." मला त्याचं नाव तेवढं ठाऊक आहे. पण नाही म्हटलं असतं तर काम नागपूरच्या कुणा पोराकडे गेलं असतं, आणि अब्बांनी पुन्हा गाद्या भरायच्या दुकानाचा विषय काढला असता. संस्थेत संगणक चालवणारा मी एकटा. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा माझा मान आहे आणि तो मला आवडतो.

काम असं आहे. आमच्या पुनमताईंनी उन्हाळाभर भामरागडकडच्या गावांत फिरून कोण कुठे झोपतं याची पाहणी केली. झोपायच्या प्रत्येक जागेमागे एक मच्छरदाणी द्यायची आहे. ताईंनी सगळी माहिती वेबपानासारखी टाईप केली आहे, यादीच्या पोटात यादी. गावाच्या पोटात घरं, घराच्या पोटात झोपायच्या जागा. इथे ते पान छान दिसतं, पण भामरागडच्या गोदामातला संगणक इतका म्हातारा आहे की त्याला ते उघडतच नाही. त्याला साधा मजकूर लागतो. गाव डाव्या कडेला, घर थोडं आत, झोपायची जागा आणखी आत. गोदाम सांभाळणारे सोमाजीभाऊ तो कागद छापून त्याबरहुकूम गठ्ठे बांधणार. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की पलीकडची गावं तुटतात, म्हणून त्याआधी सगळं पोचायला हवं. तिकडचा मलेरिया एकदा डोक्यात गेला की माणूस हाती लागत नाही.

वेबपानाच्या खुणांमध्ये, म्हणजे टॅगांमध्ये, गुंतलेल्या याद्या सोडवून असा मजकूर करणं म्हणजे एक्सएसएलटी. ते मला येतं. म्हणजे यायला पाहिजे.

२८ मे

जटपुरा गेटजवळच्या कॅफेत बसून पानंच्या पानं छापून आणली. कल्पना तशी सोपी आहे. प्रत्येक खुणेसाठी एक नियम लिहायचा, की ही खूण दिसली तर असं कर. पहिल्यांदा चालवलं तर आख्खा भामरागड तालुका एकाच ओळीत आला. दुसऱ्यांदा सगळे डाव्या कडेला रांगेत उभे राहिले, गाव कोणतं आणि माणूस कोणता, काही कळेना. करायला गेलो गणपती, झालं माकड. सरांनी दोनदा डोकावून "होऊन राह्यलं का?" विचारलं. मी दोन्ही वेळा "बस, झालंच" म्हणालो.

३१ मे

जमलं! आपण किती याद्यांच्या पोटात आहोत हे त्यालाच मोजायला लावायचं आणि तेवढ्या वेळा दोन-दोन मोकळ्या जागा सोडायला सांगायचं. गुरुकिल्ली हीच. पडद्यावर गावं, घरं, जागा अशा नीट आत-आत सरकल्या की मला उठून नाचावंसं वाटलं. आमचे शिपाई देवाजीभाऊ चहा घेऊन आले होते, त्यांनाच दाखवलं. ते म्हणाले, "उतारावरच्या धानाच्या बांध्यांवानी दिसून राह्यलं रे!" इतकी छान दाद तर सरांनीही दिली नसती. घरी जाताना धाकट्या बहिणीसाठी, नाजियासाठी, जिलबी नेली. तिला काही कळलं नाही, पण जिलबी तिने संपवली.

२ जून

कुठूनतरी कचरा येतोय. प्रत्येक गावाच्या शेवटी, अगदी शेवटच्या माणसाच्या नावाला चिकटून, एक शब्द छापला जातो: कुर्मा. कुठे 'कुर्मा १', कुठे 'कुर्मा २'. ताईंनी सगळी नावं इंग्रजी अक्षरांत टाईप केली आहेत, त्यामुळे आधी मला ते आडनावच वाटलं. मग मूळ पान उघडलं. गावातल्या घरांची यादी जिथे संपते त्याच्या खाली हा शब्द मोकळाच पडलेला आहे, कोणत्याही ओळीच्या खुणेत नाही. आणि या एक्सएसएलटीची खोड अशी की ज्या मजकुराबद्दल तुम्ही काही सांगितलेलं नाही, तो ती आपणहून छापते. न विचारता मधेच बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.

दुपारी चहाच्या वेळी देवाजीभाऊंना विचारलं, "कुर्मा म्हणजे काय हो?" त्यांची नोकरीची बरीच वर्षं एटापल्लीकडे गेली आहेत. ते एकदम हसले. "बायांचं हाय ते. तुले काय करा लागते?" समोर हिशोबाच्या बाई बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. "स्पेलिंग बघत होतो," असं म्हणून मी उठलो. उगाच विचारलं.

३ जून

अहेरीहून पुनमताईंचा फोन आला. त्या तिकडे प्रशिक्षणाला आहेत. सरांनी बोलून झाल्यावर फोन माझ्याकडे दिला. ताई म्हणाल्या, "मुबीनभाऊ, यादीत काई समजून नाई राह्यलं का? विचारा, नाई तर मंग मी सापडणार नाई." शब्द अगदी जिभेवर होता. पण सर शेजारी उभे, हिशोबाच्या बाई समोर, देवाजीभाऊ दारात. इतक्या माणसांत एका बाईला बायकांचं काहीतरी कसं विचारायचं? मी म्हणालो, "नाही ताई, सगळं समजलं."

बायकांचं काही असेल तर त्याचा मच्छरदाणीशी काय संबंध? ताईंनी पाहणी करता करता आपल्यापुरती नोंद ठेवली असेल. घरातही काही गोष्टी आपण विचारत नाही, तसंच हे.

४ जून

एका ओळीत काम झालं. मोकळ्या मजकुरासाठी एक रिकामा नियम लिहायचा: मजकूर दिसला तर काहीही करू नकोस. मला हवी ती नावं मी माझी मागवून घेतो, बाकी सगळ्यांना गप्प करतो. चालवलं आणि आरशासारखी स्वच्छ यादी आली. एकही कुर्मा नाही.

सरांनी छापील कागद हातात धरून खिडकीच्या उजेडात पाहिला. "याले म्हणते काम," म्हणाले. फ्लॉपी आजच्याच जीपने आलापल्लीमार्गे भामरागडला गेली. अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "अच्छा है," आणि पुन्हा कापूस पिंजू लागले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

१३ जून

सोमाजीभाऊंचा फोन होता. कागद झकास निघाला, गठ्ठे गावोगाव गेले. ते म्हणाले, "अशी सुदी, साफ यादी आजवर पाह्यली नाई." मी दिवसभर उगाचच खुशीत होतो.

२८ जून

पुनमताई परत आल्या. खांद्यावरची पिशवीही न काढता यादी मागितली. एकेका पानावरून बोट फिरवत गेल्या आणि मग पहिल्या पानावर परत आल्या.

"कुर्मा कुठी हाय, मुबीनभाऊ?"

मी ऐटीत सांगितलं, "तो कचरा होता ताई, मधे मधे येत होता. काढून टाकला."

त्या खाली बसल्या. मग आवाज न चढवता सांगू लागल्या. माडिया आदिवासींच्या गावांत वस्तीच्या कडेला एक झोपडी असते, कुर्माघर. बाईची पाळी आली की तिला घरात राहता येत नाही, ते दिवस तिथेच काढावे लागतात. "कूड फाटलेलं, दार नाई. गावातली एक ना एक बाई रोज तिथी निजलेली असते. साऱ्यात जास्त मच्छर तिथीच." पुरुष त्याबद्दल बोलत नाहीत, बाया परक्यासमोर बोलत नाहीत. हिरमटोला गावात दिवसभर विचारून कोणी काही सांगितलं नव्हतं. ताई निघाल्यावर बुधरी नावाची बाई मागून धावत आली आणि हळूच म्हणाली, "आन् कुर्मात निजते तिले?" मग ताईंनी प्रत्येक गावात बायांना बाजूला घेऊन ते विचारलं, आणि सगळ्यात शेवटी लिहिलं.

मला काय सुचलं, तर मी त्यांच्यावरच उलटलो. "मग ते झोपायच्या जागांसारखं घराच्या आत का नाही लिहिलं? बाहेर मोकळं का सोडलं?"

"कोणाच्या घरात लिहू?" त्या म्हणाल्या. "ते कोणाच्याच घरात नाई."

मागच्या खोलीत जादाच्या मच्छरदाण्या पडून आहेत. परवा जीप जाणार आहे. ताई म्हणाल्या, "सरले आजच सांगा. जीपमंदी टाकून द्या, सोमाजीभाऊ पोचवतीन." मी हो म्हणालो.

२९ जून

आज सांगितलं नाही. नागपूरहून पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले होते. सरांनी मला बोलावून त्यांच्यापुढे उभं केलं, "हा आमचा मुबीन, यानं केलं सगळं." पाहुण्यांनी माझ्याशी हात मिळवला. त्या क्षणी कसं सांगणार? संध्याकाळी सांगता आलं असतं. सर एकटेच बसले होते. मी दारापर्यंत जाऊन परत आलो. एक्सएसएलटी येते का, या पहिल्याच प्रश्नावर सगळं येऊन थांबेल असं वाटलं.

उद्या सकाळी ऑफिस उघडताच सांगणार. जीप अकराच्या आत कधी हलत नाही.

३० जून

जीप पहाटेच गेली. तिकडे आभाळ फार भरलंय म्हणून ड्रायव्हरने घाई केली.

पुनमताई धानाच्या रोवणीसाठी मूलजवळच्या आपल्या गावी निघाल्या होत्या. एसटी स्टँडवर जाता जाता ऑफिसच्या दारातून विचारलं, "सांगतलं ना सरले? गेल्या ना मच्छरदाण्या?"

मी म्हणालो, "गेल्या."

हे इथे लिहायला मला रात्र झाली. तोंडाने मात्र किती सहज म्हटलं मी.

२ जुलै

सरांना सांगितलं. म्हणजे झोपडीचं आणि राहिलेल्या मच्छरदाण्यांचं सांगितलं. फोनवर विचारायची संधी होती ते नाही सांगितलं, ताईंशी खोटं बोललो तेही नाही. सरांनी लगेच भामरागडला फोन लावला. लाईन बंद. मग आलापल्लीला लावला. तिथला माणूस म्हणाला, कालपासून पुलावरून पाणी आहे, गाडी जाणार नाही. सर रागावले नाहीत. "तुले तरी कसं मालूम राहीन," म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मच्छरदाण्यांचा ढीग मागच्या खोलीत आहे. मी आता पाणी प्यायलाही त्या बाजूला जात नाही.

१९ जुलै

रोज पेपरात भामरागडची बातमी शोधतो. बहुतेक वेळा दोनच ओळी असतात: संपर्क तुटलेलाच. मधे पूर ओसरला होता म्हणे, पण आमच्या कानावर येईपर्यंत पुन्हा चढला. आजवर कुठल्याही गावाकडून तक्रार आलेली नाही. याचा मला आधी धीर वाटला, आणि मग धीर वाटल्याची लाज वाटली.

११ ऑगस्ट

नाजियाला सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा लहान, बारावीत आहे. असलं कधी आम्ही बोललो नाही. मी खाली बघत बघत अर्धं सांगितलं, उरलेलं तिने ओळखलं. मला वाटलं ती लाजेल. लाजलो मीच.

ती म्हणाली, "भाई, रमज़ान में चार दिन मेरा रोज़ा नहीं होता, मैं किचन में छुपके पानी पीती हूँ. सहरी को तेरे साथ उठके बैठती भी हूँ. तुझे कभी पता चला?"

नव्हतं कळलं. दरवर्षी रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला ती माझ्या शेजारी बसते.

"तू पूछता तो वो ताई बता देती," ती म्हणाली. "बतानेवाली को शरम नहीं थी."

अम्मी आत आल्या तशी ती गप्प झाली, आणि मीही.

२३ ऑगस्ट

सोमाजीभाऊंचा फोन आज लागला. सरांनी घेतला. बोलता बोलता ते माझ्याकडे बघायला लागले, त्यावरूनच मी समजलो.

हिरमटोल्यातली बुधरीची मोठी मुलगी मंगरी गेली. कुर्माघरातून आली ती तापातच आली. खाटेवर घालून नदीपर्यंत आणली, पलीकडे न्यायला डोंगा मिळेना. तिकडच्या दवाखान्यात पोचली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. इतर गावांतही दोघी-तिघी आजारी होत्या, त्या वाचल्या. घरांत यंदा ताप कमी आहे, मच्छरदाण्यांचा फार उपयोग झाला, असंही सोमाजीभाऊ म्हणाले. त्यांना वाटलं आम्हाला बरं वाटेल.

पुनमताई आठवड्याभरापूर्वीच गावाहून परतल्या आहेत. त्या इतके दिवस समजून होत्या की मच्छरदाण्या जूनमध्येच गेल्या. आज मागच्या खोलीचं दार उघडून त्यांनी तो ढीग पाहिला. माझ्या टेबलाजवळ आल्या. मी ओरडा खायची तयारी केली होती. त्या फक्त म्हणाल्या, "तुमी तर गेल्या म्हणाले होते."

 

६ सप्टेंबर

सरांनी केबिनमध्ये बसवून समजावलं. "मच्छर कुठी चावला कोणाले मालूम? रानात चावला असन, नदीवर चावला असन. जिवाले लावून नको घेऊ." मग अहवाल लिहायला सांगितला. त्यात एक वाक्य त्यांनी तोंडी सांगितलं: यादीनुसार वाटप पूर्ण. मी टाईप केलं. वाक्य अगदी खरं आहे. यादीत जे होतं ते सगळं वाटलं गेलं.

मला कोणी काढलं नाही, पगार कापला नाही. उलट हिशोबाच्या बाई जेवणाच्या सुट्टीत डबा पुढे करतात. मच्छर कुठे चावला हे कोणालाच ठाऊक नाही, हे सरांचं म्हणणं मी दिवसातून कितीदा मनात घोळवतो. त्याने काही सुटत नाही, आणि तरीही घोळवतो.

१७ ऑक्टोबर

रिकामा नियम काढून टाकला. त्याजागी नवा लिहिला: घरांची यादी संपल्यावर मोकळा मजकूर सापडला, तर त्याला स्वतंत्र ओळ द्यायची, घरांच्या रांगेत, घरांइतकीच आत. फार वेळ लागला नाही. जूनमध्येही लागला नसता. आता पाहिलं तर प्रत्येक गावाखाली घरं, आणि घरांच्या खाली, त्यांच्याच रेषेत, कुर्मा. एवढीशी गोष्ट होती.

रस्ता उघडलाय. मच्छरदाण्या जाणार आहेत, म्हणजे वरातीमागून घोडं. ताईंनी सरांना सांगितलं की मुबीनभाऊंनाही यायचं आहे. मी तसं म्हणालो नव्हतो. पण नाही म्हणायची सोयही ठेवली नाही त्यांनी.

३० ऑक्टोबर, भामरागड

गोदामातल्या बाकावर बसून लिहितो आहे. आज हिरमटोल्याला गेलो होतो. जीप नदीपर्यंत, मग डोंगा, मग पायी. सोमाजीभाऊ पुढे, मी आणि ताई मागे. मी रोजा धरला होता. 

वाटेत मी ताईंना विनवलं की बुधरीला काय सांगायचं ते मी सांगतो तसं सांगा. तिला मराठी थोडीच येते, ताई माडियात सांगणार. मी मनात जुळवून ठेवलं होतं: तुम्ही नाव दिलं होतं, ताईंनी लिहिलंही होतं, यंत्राने ओळ गाळली, आम्हाला फार वाईट वाटतं. ताईंनी ऐकून घेतलं. "यंत्रानं?" एवढंच म्हणाल्या.

गावात शिरल्यावर घराघरांतून आमच्या मच्छरदाण्या दिसत होत्या, निळ्या, धुऊन वाळत घातलेल्या. झोपडी वस्तीच्या टोकाला होती. मोहाच्या झाडाशी सोमाजीभाऊंनी मला हाताने थांबवलं. पुरुषांनी त्यापुढे जायचं नसतं. मी तिथेच थांबलो. लांबून मला कुडाला पडलेली भोकं दिसत होती आणि आत कोणीतरी बसलेलं होतं. बुधरी आली. उंच, हडकुळी बाई, कडेवर लहान मूल. तिने ताईंच्या हातून मच्छरदाणी घेतली, दोघी वाकून आत गेल्या. मी झाडाची साल खरवडत उभा राहिलो.

त्या परत आल्या तेव्हा ताईंनी माझं सगळं तिला सांगितलं. माझे शब्द थोडे होते, त्यांना बराच वेळ लागला. यंत्राला माडियात काय म्हणाल्या, मला माहीत नाही. मंगरीचं नाव मात्र मला ऐकू आलं.

बुधरीने सगळं ऐकलं. मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी शोधला होता. मग माझ्याकडे बघून ती थोडंसं काही बोलली आणि उत्तराची वाट बघत थांबली.

मी ताईंकडे वळलो. मी विचारलं, "काय म्हणते?"

"ती म्हणते," ताई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आमी बाया तवाच समजलो होतो. ऑफिसात सारे माणसंच असन. त्याहिले कुर्माचं नाव घ्याची लाज वाटली असन, म्हणून नाई धाडली. तसंच झालं काय, विचारून राह्यली."

सोमाजीभाऊ दुसरीकडे बघू लागले. बुधरी अजून माझ्याकडेच बघत होती.

"काय सांगू तिले?" ताईंनी विचारलं.

"हो म्हणून सांगा," मी म्हणालो.